राजा राहो, कारभार आमचा

३१ मे ही तारीख नगर जिल्ह्याला आता वेगळी सांगावी लागत नाही. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली याच दिवशी अहिल्यादेवींचा जन्म झाला. २०२३ साली याच दिवशी चौंडीच्या व्यासपीठावरून जिल्ह्याच्या नव्या नावाची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये ते कागदोपत्रीही रुजू झाले. चौंडीच्या वाटेवर त्या दिवशी गाड्यांची रीघ लागते, ती लागायलाच हवी. पण याच तारखेची आणखी एक नोंद जिल्ह्याच्या खाती आहे आणि तिच्याकडे सहसा कुणी फिरकत नाही. ३१ मे १९१६ रोजी लोकमान्य टिळक नगरात स्वराज्यावर बोलले, दुसऱ्या दिवशी १ जूनला पुन्हा बोलले. त्या बोलण्याचा खटला झाला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. यंदा त्याला ११० वर्षे होत आहेत.

या दोन भाषणांकडे आपण ‘टिळकांवरचा आणखी एक राजद्रोहाचा खटला’ एवढ्याच नजरेने पाहत आलो. मंडाले सगळ्यांना ठाऊक असते; नगर तळटिपेत जाते. वास्तविक टिळकांच्या सगळ्या राजकारणात सौद्याची भाषा इतकी स्वच्छ क्वचितच आली असेल. साम्राज्य थकलेले आहे, पण पडलेले नाही. अशा वेळी रयतेने त्याच्याकडे काय मागावे, किती मागावे आणि कोणत्या तोंडाने मागावे, हा त्या भाषणांचा खरा विषय होता.

तो उन्हाळा आठवून पाहा. मंडालेहून सुटून टिळकांना दोन वर्षे होत आली होती. महायुद्ध सुरू होताच, ऑगस्ट १९१४ मध्ये, त्यांनी सरकारशी आपले वैर नाही असे जाहीर केले होते आणि त्यावरून त्यांच्याच चाहत्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात त्यांचा स्वराज्य संघ, म्हणजे होमरूल लीग, स्थापन झाला. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस. लगेच दुसऱ्या दिवशी तिकडे मेसोपोटेमियात कुत येथे जनरल टाउनशेंडने तुर्कांपुढे शस्त्रे खाली ठेवली. शरण गेलेली फौज सुमारे १३ हजारांची होती आणि तिचे नाव होते पुणे डिव्हिजन. तीत मराठा पलटणीही होत्या. त्याच्या आदल्या सोमवारी डब्लिनमध्ये आयरिश बंडखोरांनी उठाव केला होता. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांच्या पुढाऱ्यांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. म्हणजे साम्राज्याला धाप लागली होती हे खरे, पण गोळी घालण्याइतके बळ अजून हातात होते. टिळक नगरला आले ते या दोन्ही गोष्टी ओळखून.

आणि खुद्द नगरात काय होते? इथल्या लष्करी छावणीत त्या वेळी शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांचा नजरकैदेचा तळ होता. हिंदुस्थानात व्यापार, नोकरी, मिशनकाम करणारे जर्मन तिथे आणून ठेवले होते आणि त्यांच्यासोबत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाची प्रजाही होती. गावात टिळक ज्या प्रकारच्या राज्यव्यवस्थेची मागणी करत होते, तशाच एका व्यवस्थेचे प्रजाजन गावाबाहेर तारेच्या कुंपणात होते. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नाही.

टिळकांची मांडणी साधी होती आणि वकिली होती. त्या उन्हाळ्यातल्या त्यांच्या भाषणांत सरकारची दोन रूपे येतात. एक अव्यक्त, विलायतेतल्या बादशहाचे. ते वेदान्त्याच्या ब्रह्मासारखे, निर्गुण. ते कोणाला छळत नाही आणि कोणाचे भलेही स्वतःच्या हाताने करत नाही. दुसरे व्यक्त, रोज अंगावर येणारे: कलेक्टर, कमिशनर, सेक्रेटरी, पोलिस. देव बदला असे आम्ही म्हणत नाही. मधले पुजारी बदला आणि ते आमच्यातले नेमा, असा त्यांचा रोख होता. राजा इंग्रज असला तरी चालेल, कारभार मात्र लोकांनी निवडलेल्या आणि लोकांना जाब देणाऱ्या माणसांच्या हाती हवा. नगरच्या भाषणात त्यांनी परकेपणाचीही उलगड केली. परका कोण हे धर्मावरून किंवा कातडीवरून ठरत नाही, हितावरून ठरते. या देशाचे भले करील तो मुसलमान असो की इंग्रज, परका नव्हे. हे सांगताना त्यांनी दाखला दिला तो इथल्याच निजामशाहीचा. ते सुलतान इथे येऊन राहिले आणि इथले धंदे चालावेत असे त्यांना वाटे, म्हणून मी त्यांना परके म्हणत नाही, असा त्यांचा हिशेब होता. आजच्या नगरात हे वाक्य व्यासपीठावरून उच्चारायला छाती लागेल.

हीच मागणी अर्धशतक आधी युरोपात एका माणसाने मांडली होती आणि पदरात पाडूनही घेतली होती. फेरेन्त्स देआक त्याचे नाव. पेशाने वकील, अंगाने स्थूल, स्वभावाने घरकोंबडा. १८४८-४९ मध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाच्या बादशहाविरुद्ध बंड केले. रशियाच्या झारची फौज बोलावून ते चिरडले गेले आणि ६ ऑक्टोबर १८४९ रोजी अराद येथे १३ हंगेरियन सेनानींना एकाच दिवशी ठार केले गेले. लायोश कोशूत परदेशी निघून गेला. तो जहालांचा देव झाला. देआक मायदेशीच राहिला, पण सरकारदरबारी पाऊल टाकले नाही. १८४८ चे आमचे कायदे कायम आहेत, राजाला हवे तर त्यांच्यात बसून राज्य करावे, एवढेच तो बोलत राहिला. १८६५ च्या ईस्टरला त्याने वर्तमानपत्रात एक लेख लिहून तडजोडीची दिशा दाखवली. पुढच्याच वर्षी, ३ जुलै १८६६ रोजी, साडोव्याच्या लढाईत प्रशियाने ऑस्ट्रियाचा धुव्वा उडवला. आता हंगेरीला काय हवे, असे बादशहा फ्रान्झ जोसेफने विचारले, तेव्हा देआकचे उत्तर होते की पराभवाआधी जे मागत होतो तेच. जास्त काही नाही.

या उत्तरापाशी थोडे थांबायला हवे. समोरचा चीत झाला की भाव वाढवावा, हा बाजाराचा नियम. देआकने तो पाळला नाही आणि तो भोळा होता म्हणून पाळला नाही असे नव्हे. उद्या बादशहा सावरला तर आज भीतीपोटी दिलेले तो परत घेईल, हे तो जाणून होता. मागणी कायद्याची असेल तर ती राजाच्या हारजितीवर कमीजास्त होत नाही. १८६७ साली करार झाला. हंगेरीला स्वतःची संसद, स्वतःचे जबाबदार मंत्रिमंडळ, स्वतःचा खजिना मिळाला. परराष्ट्र, सैन्य आणि त्या दोहोंचा खर्च तेवढा सामाईक राहिला. त्या खर्चाचा वाटा सुरुवातीला ७० आणि ३० असा ठरला आणि दर दहा वर्षांनी तो पुन्हा ठरायचा होता. ८ जून १८६७ रोजी बुडा येथे फ्रान्झ जोसेफच्या डोक्यावर हंगेरीचा मुकुट ठेवला गेला. तो ठेवणाऱ्या हातांपैकी एक ग्युला आंद्राशीचा होता. बंडात भाग घेतला म्हणून याच बादशहाच्या राज्यात त्याला फाशीची शिक्षा झाली होती. माणूस सापडला नाही म्हणून त्याचे नाव फासाच्या खांबाला लटकवले होते. तोच आता पंतप्रधान झाला!

टिळकांनी देआक वाचला होता की नाही हा मुद्दा नाही. आयर्लंडच्या आर्थर ग्रिफिथने १९०४ मध्ये हंगेरीच्या या कथेवर एक पुस्तकच लिहिले होते आणि शिन फेनचा पाया त्यावर घातला होता. राजा एक, संसदा दोन, हा मार्ग त्या काळी हवेतच होता. आम्हाला महत्त्वाची वाटते ती रीत. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताना टिळकांनी साम्राज्याशी निष्ठा सांगितली आणि स्वराज्याची मागणी सोडली नाही. १९१६ मध्ये कुत पडल्यावर मागणी वाढवली नाही. मवाळांना ती जास्त वाटली, क्रांतिकारकांना कमी. तिकडे कोशूतनेही परदेशातून पत्र लिहून देआकला बजावले होते की तू देशाला बुडत्या जहाजाशी बांधतो आहेस. जहाल आणि मवाळ या आपल्या दोन खोक्यांत देआक बसत नाही आणि नगरचे टिळकही बसत नाहीत. तोंडी भाषा मवाळांची, मागणी जहालांची; नोकरशाहीला हे मिश्रण सर्वांत अवघड गेले.

म्हणून नोटीस आली, तीही नेमकी २३ जुलै १९१६ रोजी, टिळकांच्या साठीच्या दिवशी. एकीकडे लोकांनी लाख रुपयांची थैली दिली. दुसरीकडे सरकारने वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच यांनी बेळगावचे एक आणि नगरची दोन अशी तीन भाषणे धरून २० हजारांचा जातमुचलका आणि १०-१० हजारांचे दोन जामीन, असा हुकूम काढला. उच्च न्यायालयात टिळकांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महमद अली जीना. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी हुकूम रद्द केला. निकालातला एक बारकावा आजही पाहण्याजोगा आहे. नोकरशाहीवरची टीका म्हणजे सरकारवरची टीका नव्हेच, हा बचावाचा मुद्दा बॅचलर यांनी सरसकट स्वीकारला नाही. सरकार चालते ते माणसांच्या हातून, तेव्हा त्या माणसांवर घाऊक हल्ला हा सरकारवरचाही ठरू शकतो, असे त्यांनी म्हटले. मात्र भाषण तुकड्यांत न वाचता अखंड वाचावे, एकूण परिणाम पाहावा; आणि तसे पाहता बोलणारा राज्य उलथायला नव्हे, राज्यकारभारात वाटा मागायला उभा आहे, असा निर्वाळा दिला. राजा राहो, कारभार आमचा, ही मागणी राजद्रोह नाही, हे एका इंग्रज न्यायमूर्तीने लिहून दिले. त्यानंतर बारा दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, तिकडे व्हिएन्नात म्हातारा फ्रान्झ जोसेफ वारला.

मग आपल्याला ‘हंगेरी’ मिळाली का? नाही. ऑगस्ट १९१७ मध्ये माँटेग्यूंनी जबाबदार राज्यपद्धतीचे आश्वासन दिले आणि डिसेंबर १९१९ मध्ये कायदा आला, द्विदल राज्यपद्धतीचा. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे. अर्थ, पोलिस, जमीन महसूल, पाटबंधारे, दुष्काळनिवारण ही खाती गव्हर्नरच्या राखीव कप्प्यात. नगरसारख्या अवर्षणी जिल्ह्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला तो पाहा. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९१० पासून बांधले जात होते, १९२६ मध्ये ते पुरे झाले. पण कालव्याचे पाणी कोणाला, कोणत्या पट्टीने, दुष्काळ पडला तर सूट किती, तगाई किती, हे ठरवणारा माणूस मतदाराला जाब देणारा नव्हता. शेतीखाते मंत्र्याचे, पाणी आणि सारा साहेबाचा! देआकने तिजोरीची किल्ली घेतली होती. आपल्याला शाळेच्या फळ्याची जबाबदारी मिळाली. त्यातही या कायद्याच्या आधी रौलट कायदा आला होता आणि जालियनवाला बागेत गोळ्या सुटल्या होत्या. तरीही अमृतसरच्या काँग्रेसमध्ये टिळक म्हणाले की मिळाले ते वापरू, उरले त्यासाठी झगडू. ‘प्रतियोगी सहकार’ तो हाच. आठ महिन्यांत ते गेले आणि देशाने दुसरी वाट धरली.

इथवरची कथा देआकच्या कौतुकाची आणि इंग्रजांच्या कद्रूपणाची झाली. पण हंगेरीचा पुढचा भाग सांगितल्याशिवाय ही तुलना आम्ही पुढे रेटणार नाही. १८६७ च्या करारात जे मिळाले ते मग्यार लोकांना मिळाले. आणि हंगेरीच्या मुकुटाखालच्या राज्यात ते निम्म्याहून कमी होते. बाकीचे स्लोवाक, रुमेनियन, सर्ब, क्रोट, जर्मन. क्रोटांशी १८६८ मध्ये वेगळा करार झाला. इतरांसाठी त्याच वर्षी एक उदार कायदा झाला, तो कागदावर राहिला. १८७४ मध्ये स्लोवाकांच्या तिन्ही माध्यमिक शाळा बंद केल्या गेल्या, पुढच्या वर्षी त्यांची सांस्कृतिक संस्थाही. मताचा हक्क अखेरपर्यंत लोकसंख्येतल्या शंभरात सहासात जणांपुरता राहिला. व्हिएन्नाकडे स्वतःसाठी जे मागितले, ते मग्यार जमीनदारांनी आपल्या दारातल्या माणसाला दिले नाही. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळले तेव्हा या माणसांपैकी कोणीही हंगेरी वाचवायला धावले नाही आणि ४ जून १९२० च्या तहात हंगेरीचा दोनतृतीयांश मुलूख गेला. देआकचा करार वाईट नव्हता. त्याच्या वारसांनी तो घरात उतरवला नाही.

टिळकांना हे कळले होते का? अर्धे कळले होते. नगरच्या भाषणानंतर सात महिन्यांनी लखनौमध्ये त्यांनी मुस्लिम लीगशी करार घडवून आणला, स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले आणि हक्क केवळ मुसलमानांना मिळाले, केवळ रजपुतांना मिळाले, हिंदूंतल्या मागासांना मिळाले तरी हरकत नाही, असे बोलून दाखवले. तिथे ते मग्यारांपेक्षा कितीतरी मोठे ठरतात. पण ब्राह्मणेतर समाजाने कौन्सिलात राखीव जागा मागितल्या, तेव्हा अथणीच्या सभेत त्यांनी काढलेले उद्गार, कुणब्याला तिथे काय नांगर धरायचा आहे या धर्तीचे, त्यांच्या थोरवीला शोभणारे नव्हते. लखनौची उदारता अथणीला पोचली नाही.

आणि हा सवाल त्यांना कोल्हापूरनेच विचारला असे नाही, तो नगर जिल्ह्यातूनही विचारला जात होता. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ चालवत होते. १९१० साली सुरू झालेले हे सत्यशोधकी पत्र शहरातल्या छापखान्यांच्या आणि जाहिरातींच्या आधाराशिवाय अर्धशतकाहून जास्त चालले. राज्य साहेबाच्या हातून सुटून कोणाच्या हातात पडणार, सावकाराच्या, भटजीच्या की कुणब्याच्या, हा सत्यशोधकांचा प्रश्न स्वराज्याला विरोध म्हणून तेव्हा झटकून टाकला गेला. तो विरोध नव्हता. स्लोवाक मास्तर बुडापेस्टला विचारत होता तोच तो प्रश्न होता. अखेर १९१९ च्या सुधारणांत मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात मराठा व तत्सम जातींना सात जागा राखून मिळाल्या, त्या इंग्रजाच्या हातून. त्या पुण्याच्या हातून मिळाल्या असत्या तर पुढच्या तीस वर्षांचे महाराष्ट्राचे राजकारण कमी कडवट झाले असते, असे आमचे मत आहे.

थकलेल्या साम्राज्याशी सौदा ही नगरला नवी गोष्ट नव्हती म्हणा. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब भिंगारजवळच्या छावणीत मेला आणि बारा वर्षांत बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. नाव बादशहाचे, वसुली आपली. दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर शेकडा २५ आणि वर शेकडा १० असा तो हक्क होता. तिथेही किल्लीवर लक्ष पक्के होते. मात्र ज्याच्याकडून वसूल करायचे त्या रयतेला त्या सनदेत जागा नव्हती.

१९४२ मध्ये साम्राज्याने पुन्हा एकदा हात पुढे केला. सिंगापूर पडले होते, रंगून पडले होते, मार्चमध्ये क्रिप्स आले आणि युद्धानंतर वसाहतीचे स्वराज्य देऊ म्हणाले. टिळकांनी १९१६ मध्ये मागितलेल्यापेक्षा हे देणे जास्त होते. पण सव्वीस वर्षे उशिरा आलेल्या शब्दावर कोण विसंबणार? ९ ऑगस्टला काँग्रेसच्या कार्यकारिणीला पकडले आणि नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह बारा जणांना आणून ठेवले ते नगरच्याच किल्ल्यात. ज्या गावात तडजोड मागितली गेली होती, त्याच गावात तडजोडीचा काळ संपल्याची खूण उभी राहिली. किल्ला आपण अभिमानाने दाखवतो, नेहरूंनी तिथे लिहिलेल्या ग्रंथाची खोली दाखवतो. भाषणे मात्र दाखवत नाही.

ती दाखवायला हवीत, कारण त्यांचा विषय संपलेला नाही. २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. निवडून आलेला माणूस नाही, अंदाजपत्रक अधिकारी मांडणार आणि अधिकारीच मंजूर करणार. टिळकांनी ‘व्यक्त सरकार’ म्हटले ते नेमके हे. आणि गंमत अशी की फारसे कोणाचे अडले नाही, कोणी सभा घेतली नाही. जामीन द्यावा लागेल असे कोणी बोललेच नाही.

नगरच्या महाविद्यालयांना, जिल्हा वाचनालयाला आणि मराठीच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. ३१ मेला सकाळी चौंडीला जावेच. संध्याकाळी एखाद्या सभागृहात टिळकांचे नगरचे भाषण अखंड वाचावे, बॅचलर सांगून गेले तसे, तुकडे न पाडता. आणि त्याच बैठकीत ‘दीनमित्र’चे त्या वर्षांतले अग्रलेखही मोठ्याने वाचावेत.